वरातीचा व्हिडिओ

प्रिय दादा,

फोन केला की तू "गाडी चालवून राह्यलो, मंग बोलतो" म्हणतोस, आणि खरं सांगू, मलाही सुटल्यासारखं वाटतं. म्हणून लिहिते आहे.

माझ्या वर्ध्यातल्या कामाचं ऐकून तू हसला होतास. "चिलटाइचा शिनेमा काढाले एवढी शिकली का तू?" खरंच तेच करते रे. पिकलेल्या केळ्यांवर येतात ना, ती चिलटं. काचेच्या बशीत थोडी सोडायची आणि वरून कॅमेरा लावायचा. कोण किती चाललं, कुठे थांबलं, कोण कोणाजवळ गेलं, त्याच्या रेघा संगणक काढतो. त्यातल्या काहींना मेंदूचा आजार असतो. नुसतं पाहिलं तर धडधाकट वाटतात. रेघांमध्ये मात्र दिसतं, चाल मंदावलीय, मधेच थबकतात, घोळक्यापासून दूर राहतात. हे बघून बघून माझी नजरच बिघडलीय. रस्त्यातल्या माणसांच्या चालीही न्याहाळत बसते.

परवा आपल्या रोशनच्या लग्नाचा व्हिडिओ आला. वरातीत सगळे नाचताहेत, आणि आपल्या घरातला पहिला नाचणारा तू बँडच्या गाडीमागे एकटा उभा. मग तू पुढे चालत आलास. उजवा हात झुलत होता, डावा अंगाला चिकटलेला. डावा पायही किंचित घासत होता. मी मनाची समजूत घातली, आदल्याच दिवशी संत्र्यांचा ट्रक पोचवून आला होतास, दमला असशील. पण पुन्हा पुन्हा तेवढंच लावून पाहत राहिले.

शेवटी सुरभीवहिनीला सहज म्हणून विचारलं. "शर्टाचे बटन लावाले लय वेळ लागून राह्यला त्याईले. इचारलं तं चिडतेत," म्हणाली, आणि रडायलाच लागली. तुझा चेहरा हसत नाही, म्हणून तू तिच्यावर नाराज आहेस असं तिला वाटतं.

दादा, मी डॉक्टर नाही. माणूस म्हणजे चिलट नव्हे. माझी भीती खोटी निघाली तर मलाच हसशील, खुशाल हस. पण नागपुरात मेंदूच्या डॉक्टरांकडे पुढच्या मंगळवारची वेळ घेतलीय. सोमवारी मी कारंज्याला येते. तोवर ट्रकवर दुसरा ड्रायव्हर पाठव. चिडायचं तर माझ्यावर चीड. आणि वाचून झालं की हे पत्र वहिनीच्या हातात दे. तुझा चेहरा हसत नाही तो कदाचित आजारामुळे, तू तिच्यावर नाराज नाहीस, एवढं तरी तिला आजच कळू दे.

तुझीच,
आकांक्षा