साचेखात्यातली कबुली

उस्ताद, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसलोय. बायकोनं विचारलं, कोणाला लिहिता? मी नुसते ओठ हलवले. ती म्हणाली, आवाज काढून बोला, ही काय गिरणी आहे? लग्न झाल्यापासून तिचं हेच गाऱ्हाणं. घरात मी बिनआवाजाचं बोलतो आणि बाजारात गेलो की असा ओरडतो की केळीवाली दचकते. आता काय करणार? विणायचे साचे खडखडायला लागले की आपल्या खात्यात कानांचा उपयोग टोपी अडकवण्यापुरता. बोलायचं ओठांनी, आणि ऐकायचं तर समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. मी पहिल्या दिवशी इकडेतिकडे बघत होतो, तेव्हा तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं होतं. "बघशील तर ऐकशील," म्हणालात. आज नव्या जॉबरांना मी हेच शिकवतो, फक्त हनुवटी धरत नाही, हल्लीची पोरं चिडतात.

तुम्ही मला जॉबर केलंत तेव्हाचा मी तुम्हाला आठवत असेन. काळा कोट शिवला होता. चाळीस विणकर हाताखाली, म्हणजे चाळीस जणांना अक्कल शिकवायचा परवाना मिळाला असं मला वाटायचं. त्यांत तो धूलकोटचा होता, हळू बोलणारा. चारच महिन्यांपूर्वी त्यानं बायकोपोरांना गावाहून आणून खोली घेतली होती. त्याच्या साच्याला धाग्यांची नवी फणी मी बसवली, घाईत, आणि ती एका बाजूला वाकडी बसली. त्या बाजूचे धागे विरळ पडायला लागले. तो तीन दिवस रोज माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. "भाऊ, कापडात रेघ पडून राहिली. फणी एकदा बघा ना." मी त्याला लक्ष देऊन विणण्यावर भाषण देत होतो, तेही कोटाची बटणं बघत. त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, मग ऐकू कुठून येणार?

चौथ्या दिवशी रेघ गोऱ्या साहेबानं बघितली. कापड हातात धरून तो खात्यात आला आणि धूलकोटवाल्याला दरवाजा दाखवला. आत्ताच्या आत्ता चालते व्हा. तो बिचारा वाकून डबा आणि धोतराचं फडकं गोळा करायला लागला. मी साच्याशी जाऊन फणीला हात लावला, तर ती एका बाजूला वाकडी. तुम्ही पलीकडच्या भिंतीशी उभे होता. मधे साच्यांच्या चार रांगा. तुम्ही ओठांनीच विचारलंत, काय झालं?

आणि मी सांगितलं. अगदी खासगीत सांगावं तसं, पण ओठ नीट उघडून, कारण तुम्ही लांब होता. "उस्ताद, चूक माझी आहे. फणी मी वाकडी बसवली. हा तीन दिवस सांगत होता, मी ऐकलं नाही. कोणाला सांगू नका."

कोणाला सांगू नका! अहो, आठ वर्षं त्या खात्यात काढलेला माणूस मी. आवाज नाही म्हणजे कोणी ऐकलं नाही, असं नवख्यालाही वाटणार नाही. मी मान वळवली तर चाळीस तोंडं माझ्याकडे. सगळ्या खात्यात माझी कबुली न ऐकलेला माणूस एकच, तो साहेब. पण साहेबाला कोणी काही सांगितलं नाही. पहिल्या रांगेतल्या एकानं साचा थांबवला. मग शेजारच्यानं. मग सगळ्यांनी. भर दुपारी साचेखातं गप्प झालेलं मी त्याच दिवशी बघितलं. साहेब घड्याळ काढून बघायला लागला, त्याला वाटलं सुट्टीच झाली.

मी साहेबासमोर गेलो आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणाला, "क्या बोलता है?" सवयीनं मी नुसते ओठ हलवले होते. मग जो ओरडलो, तो फाटकाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत ऐकू गेला. साहेबानं मला जॉबरकीवरून काढून सहा महिने साच्यावर बसवलं, तेही धूलकोटवाल्याच्या शेजारी. तो कामावर राहिला. मला वाटलं, निदान आभार मानेल. त्यानं एवढंच म्हटलं, "आता तरी फणी बघून बसवत जा, भाऊ." बरोबरच होतं त्याचं.

पुढं तुम्हीच मला परत जॉबर केलंत. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला आलो तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, हा माझा चेला, यानं आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. लोकांना वाटलं, किती नम्र आहे. आता लढाईचं खाकी कापड विणायचंय म्हणून गिरणीनं पाच नवे जॉबर घेतलेत. काल मी त्यांना ही गोष्ट सांगितली. माणसाचं ऐकावं, चूक असेल तर पुढं होऊन सांगावी, वगैरे. पोरं भारावून गेली. एकानं तर पाया पडायला हात पुढे केला, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

हा कागद मी फाडून टाकणार आहे, म्हणून लिहितो. त्या दिवशी चाळीस जणांनी माझे ओठ वाचले नसते, तर मी साहेबासमोर गेलो नसतो. तो माणूस डबा घेऊन धूलकोटला परत गेला असता आणि मी गप्प उभा राहिलो असतो.