कुलूप ज्याचं, किल्ली त्याची

३० एप्रिल
शाळा आज बंद झाली. थेट पंधरा जूनला उघडणार. दीड महिना! हे कोणी ठरवलं? आमच्या कंपनीत वर्षातून एकदा शटडाउन असतो, आठवडाभराचा. तेवढ्यात सगळी मशिनं उघडून, तेलपाणी करून, रंगवून पुन्हा उभी राहतात. पाच वर्षांच्या मुलाला त्याहून जास्त मेंटेनन्स कशाला लागतो? सुट्टी दहा दिवस पुरे. फार तर पंधरा. शाळेला मेल करावा म्हणतो.

माझ्या बायकोचं, पद्मजाचं, ऑफिस हिंजवडीपलीकडे माण गावात. आतापर्यंत घरून काम चालायचं, आता रोज यायला सांगितलंय. दरवर्षी सासूबाई साताऱ्याहून येतात आणि सुट्टी संपेपर्यंत राहतात. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पद्मजाने विचारलं, आता कसं करायचं? म्हटलं, मी आहे ना. तिला ऐकू गेलं नसावं, कारण ती म्हणाली, नाही पण खरंच, कसं करायचं?

सोळा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे मी. चाकणच्या प्लांटमध्ये शेकडो माणसं माझ्या भरवशावर प्रेसखाली हात घालतात. मुलगी पूर्वी नऊ वर्षांची, वरद पाच. दोन मुलं म्हणजे काय विशेष.

१ मे
घराचा सेफ्टी राउंड घेतला. हबकलोच. गॅस, गीझर, बाल्कनी, मिक्सर, फिनेल, टेबलाचे कोपरे. आपण इतकी वर्षं इथे राहतो कसे?

वरद सोफ्यावरून उडी मारतो, हे मला माहीत नव्हतं. पद्मजा म्हणाली, दोन वर्षांपासून मारतोय, काही होत नाही. हेच ते. दोन वर्षं काही झालं नाही म्हणजे आता होणार. अपघात असेच होतात. दुपारी जेवण गेलं नाही.

२ मे
प्लॅन तयार. मी सेकंड शिफ्ट मागून घेतली. सकाळपासून मुलं माझ्याकडे, संध्याकाळी पद्मजाकडे. आदर्श व्यवस्था. फक्त मी दोनला निघणार आणि पद्मजा चारनंतर येणार, एवढीच मधे फट आहे. कंपनीत नियम असा की बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरात बदली माणूस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असतो.

पद्मजा म्हणाली, शेजारी सुमनताई आहेत की. सुमनताई म्हणजे बिल्डिंगला लागून ज्यांचं घर आहे त्या, मूळच्या इथल्याच, दिघी गावच्या. विचारायला गेलो. अंगणात गाय. कुत्रा मोकळा. गच्चीच्या जिन्याला कठडा नाही. त्यांचा मुलगा रविराज फॅब्रिकेशनचं काम करतो, त्याचं सामान दारातच पडलेलं. ताई म्हणाल्या, आमी हाय की हितं, पोरं ऱ्हात्याल, तुमी जावा बिनघोर.

बिनघोर हा शब्द ऐकला की मी आधी बाहेर पडायचा रस्ता शोधतो. बघतो म्हणून निघालो. पद्मजाला सांगितलं, व्यवस्था झाली. हे खोटं नाही. व्यवस्था होणारच आहे, मी करणार आहे.

४ मे
पहिला दिवस. कंपनीतल्या जयसिंग सरांनी आठवडाभर उशिरा यायची परवानगी दिलीय, त्यामुळे फटीचा प्रश्न तूर्त नाही.

सकाळी मुलांना हॉलमध्ये उभं करून टूलबॉक्स टॉक दिला, शिफ्ट सुरू होताना कामगारांना देतो तसाच. घरात माणूस कसकशाने दगावू शकतो ते सोप्या भाषेत सांगितलं. पूर्वीने विचारलं, गॅस लीक झाला तर आवाज येतो का? चांगला प्रश्न. वरदने विचारलं, मेल्यावर शाळेत जावं लागतं का? लक्ष नाही त्याचं.

गॅस पेटवायचा नाही, सुरी वापरायची नाही, म्हणून दुपारी ब्रेड आणि केळी. बाल्कनीत जाताना हेल्मेट. वरदच्या डोळ्यांवर येतं, पण असू दे.

वरद बाथरूममध्ये होता आणि थोडा वेळ आवाज आला नाही. मी दार ढकलून आत धावलो. तो नुसता बसला होता.

६ मे
मॉक ड्रिल घेतली. परिस्थिती: अनोळखी माणूस दार बडवतो आहे. कृती: बाथरूममध्ये जायचं, कडी लावायची, अजिबात आवाज करायचा नाही, पासवर्ड ऐकल्याशिवाय उघडायचं नाही. बाहेरचा माणूस गोड बोलेल, आपल्या माणसाचा आवाजही काढेल, फसायचं नाही. जो उघडेल तो नापास.

पूर्वी म्हणाली, पण बाहेर खरंच तुम्हीच असलात तर? म्हटलं, तर मला पासवर्ड माहीत असेल. पासवर्ड रोज बदलायचा. पहिल्या ड्रिलला वरद नापास झाला, तिसऱ्याला पास. कसलेला कामगारही इतक्या लवकर शिकत नाही.

८ मे
परिणाम दिसू लागलेत. वरद आता सोफ्यावरून उडी मारत नाही. सोफ्याच्या मधोमध पाय वर घेऊन बसतो, पाणी हवं असलं तरी पूर्वीला हाक मारतो. पूर्वी दिवसातून बऱ्याचदा गॅसची शेगडी हुंगून येते. कोणी न सांगता!

पद्मजा म्हणाली, वरदने परत अंथरूण ओलं केलं, दोन वर्षांनी. तू त्यांना काय सांगतोस दिवसभर? म्हटलं, अवेअरनेस वाढतोय.

खरं तर मलाच नीट झोप नाही. डोळा लागला की बाल्कनी दिसते.

१० मे
सरांचा फोन. उद्यापासून वेळेवर यायचं, नव्या कंत्राटी पोरांचं ट्रेनिंग माझ्याकडे. फट उघडी पडली.

सुमनताई नको. कुत्रा आज पुन्हा मोकळा पाहिला. विचार करता करता उत्तर सुचलं, इतकं सोपं की स्वतःचं हसू आलं. लॉकआउट! मशीन दुरुस्तीला घेतलं की स्विचला लाल कुलूप घालतो, आपला फोटो असलेला टॅग अडकवतो, मग कोणाच्या बापाची बटण दाबायची हिंमत नाही. तेच कुलूप बाहेरच्या सेफ्टी डोअरला. दोन तासांचा प्रश्न. किल्ली खाली वॉचमनकडे, पद्मजा येताना घेईल. तिला उद्या समजावून सांगतो. आज ती दमलीय.

१२ मे
काल लिहिता आलं नाही.

काल सकाळी पद्मजाला सांगायचं राहूनच गेलं. दोनला कुलूप घातलं, टॅग लावला, दारातून दोघांनाही पासवर्ड सांगितला, निघालो. प्लांटच्या गेटवर नियमाप्रमाणे फोन लॉकरमध्ये ठेवला. पोरांचं ट्रेनिंग सुरू केलं. विषय लॉकआउट. नेहमीचं वाक्य फळ्यावर लिहिलं: कुलूप ज्याचं, किल्ली त्याची. मग नेहमीसारखं म्हणालो, किल्ली वॉचमनकडे नाही, सुपरवायझरकडे नाही, बायकोकडेही नाही, किल्ली फक्त इथे. आणि दाखवायला खिशात हात घातला.

हातात किल्ली आली.

पोरं हसत होती, त्यांना वाटलं पुढे काही गंमत आहे. मला समोरचं दिसेना. सोळा वर्षांची सवय. कुलूप लावलं की हात आपोआप खिशात जातो. माझी दोन मुलं कुलपात होती आणि किल्ली चाकणमध्ये होती. गेटपर्यंत धावत गेलो. प्लांटमध्ये धावायला बंदी आहे, ते बोर्ड मीच लावलेत.

लॉकरमधला फोन मिस्ड कॉलनी भरलेला. सुमनताई, पद्मजा, पुन्हा सुमनताई, एक अनोळखी नंबर. परत फोन लावले, कोणी उचलेना. एकच मेसेज, पद्मजाचा: वरद आवाज देत नाहीये.

पुढचं सगळं नीट आठवत नाही. चौकात ट्रक, कंटेनर, काही हलत नव्हतं. गाडी तिथेच कडेला सोडली. एका बाइकवाल्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, बसा भाऊ, रडू नका. मी रडत होतो हे मला माहीत नव्हतं. भोसरी येईपर्यंत मनात एकच, गॅस नाही, बाल्कनी नाही, मग काय, मग काय झालं त्याला. घरात जे जे होऊ शकतं ते सगळं मला पाठ आहे. एकेक डोळ्यांपुढे येत गेलं. असा घाबरलो नव्हतो कधी.

जिन्यात माणसं. सेफ्टी डोअर उघडं, कुलूप कापलेलं. रविराज ग्राइंडर हातात घेऊन उभा. झालं होतं ते असं. सुमनताई मुलांना ताक द्यायला वर आल्या. दारावर लाल कुलूप, त्यावर कवटीचं चित्र, खाली माझा फोटो आणि DANGER. त्यांना वाटलं माझंच काही बरंवाईट झालं. त्यांनी दार बडवायला सुरुवात केली. आत वरदने ड्रिल केली. बाथरूम, कडी, शांतता. पूर्वीने आतलं दार उघडून सांगितलं, किल्ली पप्पांनी खिशात टाकली. वरदला हाका मारल्या, तो बोलेना. पद्मजा आली, तिनेही मारल्या. आईचा आवाजही कोणी काढू शकतं, हे मीच शिकवलेलं. तोपर्यंत सगळ्यांना वाटलं, आत पडला.

मी बाथरूमच्या दाराशी गेलो. म्हटलं, वरद, पप्पा आलेत. काही नाही. मग आतून अगदी बारीक आवाज आला, पासवर्ड. जिवंत होता.

पासवर्ड मला आठवेना.

काल सकाळीच ठरवला होता. भेंडी म्हटलं, हेलिकॉप्टर म्हटलं, त्याआधीच्या दिवसांचे सगळे म्हणून पाहिले. प्रत्येक चुकीच्या शब्दागणिक आतला श्वास आणखी जोरात. पूर्वीला विचारलं, तर तिलाही रडण्यात काही सुचेना. रविराज म्हणाला, दादा, बाजूला व्हा, बिजागरी कापतो. ग्राइंडरचा आवाज झाला आणि आत वरद किंचाळला. पद्मजाने ग्राइंडर बंद करायला लावला. मला म्हणाली, तू तिकडे जा. किचनकडे बोट दाखवलं. गेलो. ओट्याशी उभा राहिलो.

पूर्वी दाराशी खाली बसली. डोळे पुसले आणि फटीशी तोंड नेऊन हळू म्हणाली, वरद, ये, पप्पा कंपनीत गेले.

लगेच कडी वाजली.

१३ मे
शांतपणे विचार केला. रूट कॉज: गेटवर फोन ठेवून घ्यायचा नियम. फोन जवळ असता तर काहीच झालं नसतं. शिवाय पासवर्ड लिहून ठेवायला हवे होते. माझी सिस्टिम मुळात बरोबर होती. कोणी म्हणू दे काहीही.

पद्मजा कामापुरतं बोलते. सुमनताईंकडे व्यवस्था झालीच आहे असं ती आठवडाभर समजून होती, त्याबद्दल तिने एकदाच विचारलं. मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या होणारच होती. ती उठून गेली. मुलं दोन दिवस सकाळपासून सुमनताईंकडे असतात. गच्चीवरून डोकावून पाहिलं. वरद गाईच्या पोटाला टेकून आंबा खात होता. कुत्रा शेजारी. मला घाम फुटला. तो मात्र हसत होता. खूप दिवसांनी हसताना पाहिला.

खाली जाऊन कुत्र्याच्या इंजेक्शनचं विचारलं. ताई म्हणाल्या, दिल्यालं हाय, तुमाला बी द्यायचं का? चेष्टा करतात. चालायचंच.

१५ मे
शेवटी चांगली बातमी. ट्रेनिंग सोडून पळालो ते वरपर्यंत गेलं होतं. मला वाटलं मेमो. पण जयसिंग सरांनी केबिनमध्ये बसवून पाणी दिलं. म्हणाले, नंदकिशोर, नोकरी कुठे पळत नाही, शाळा उघडेपर्यंत रजा घ्या, पोरांजवळ राहा. सरांचेही डोळे ओलावले होते. माणूस मोठा आहे. शाळेच्या दीड महिन्याबद्दल मी उगाच बोललो. सुट्टी पुरेशी हवीच, मुलांना बाप मिळतो.

बदाम कुल्फी घेऊन घरी आलो. सगळ्यांना बसवून सांगितलं, आता शाळा उघडेपर्यंत पप्पा रोज घरी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वरदने कुल्फी खाली ठेवली आणि सोफ्यावर जाऊन पाय वर घेतले.

पूर्वी उठून माझ्या मांडीजवळ आली. मला वाईट वाटू नये म्हणून अगदी हळू बोलली. म्हणाली, पप्पा, शाळा जरा लवकर सुरू करता येते का? तुम्ही मेल करणार होतात ना?

म्हटलं, बघतो. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रडू आलं, ते आवरलं.

रजा रद्द करायचा अर्ज आत्ताच पाठवला. कारण लिहिलं: कंपनीला माझी गरज आहे.