शाळेच्या अक्षता

हिल्सबरो, ऑकलंड
१४ मे २०२५

ती. शांतावन्संना सुमतीचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? इथे थंडी पडली, पण मी ठणठणीत आहे. उत्तरा आणि मकरंदरावही मजेत. उत्तरानं दोन मैत्रिणींबरोबर चार्टर स्कूल काढायचं मनावर घेतलंय. पैसा सरकारचा, शिकवण्याची पद्धत आपली. मुलं अगदी मोजकी.

त्यासाठी आधी जाहीर सूचना द्यायची आणि शेजारपाजाऱ्यांचं म्हणणं अर्जाला जोडायचं. आमच्या लेकीनं सूचना पेपरात दिली, इथल्या वस्तीच्या हॉलच्या फाटकावर चिकटवली आणि सभेला चहा करून बसली. आली दोन माणसं, त्यातलं एक वाट चुकलेलं. सभा पुन्हा घ्यायची म्हणून ती रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "अगं, फाटकावरचा कागद वाचून कुणी लग्नाला तरी जातं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुंकू लावलेल्या अक्षता वाटीत घेऊन निघाले. दारोदार हातावर चार दाणे ठेवून सभेचं बोलावणं केलं. कोपऱ्यावर टोंगा बेटांवरच्या एक बाई राहतात, त्यांनी विचारलं, "हे शिजवायचे का?" इंग्रजी बोलायला गार्गी बरोबर होती.

शाळेच्या वेळेत नात घरी कशी, हे तुमच्या मनात आलंच असेल. वन्सं, फेब्रुवारीपासून ती शाळेत गेलेली नाही. त्या गर्दीत तिला धाप लागते, हात गार पडतात. मी तुम्हाला "अभ्यासात आहे" सांगत आले आणि तुम्ही कधी खोदून विचारलं नाहीत. त्या दिवसांत तुमच्या त्या समजूतदारपणाचा मला फार आधार होता.

सभेला हॉल भरला. समोरच्या घरातले ब्रूस गाड्यांच्या गर्दीवरून तावातावानं बोलले. "हीप्स ऑफ स्कूल्स, ढिगानं शाळा आहेत की इथे. आणखी एक कशाला?"

मागून गार्गी उठली. इंग्रजीत म्हणाली, "त्यातल्या एकाही शाळेत माझं पाऊल पडत नाही. इथे पडेल असं वाटतं."

ब्रूसनी गाड्यांची तक्रार लिहून दिलीच, पण खाली "शाळा मात्र व्हावी" असंही लिहिलं. मंजुरी अजून यायची आहे. ती आली नाही तर मला वाईट वाटेल, खूप वाटेल. पण पोर चारचौघांत उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

रविवारी फोन कराल तेव्हा तिची चौकशी मला करू नका. तिलाच बोलवा, ती सांगेल.

तुमच्या न विचारण्याची जन्मभर ऋणी,
सुमती