चूर्णाच्या पुडीवरून माझ्या नवऱ्याचा फोटो काढा

मी, पुष्पाबाई राघो बोरसे, वय एकाहत्तर, राहणार पांडेसरा, सुरत, डोके ठिकाणावर ठेवून आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझे दीर बन्सीलाल शंका काढल्याशिवाय राहायचे नाहीत.

१. पांडेसऱ्याचे घर माझ्या नावावर आहे. ते आणि बँकेतली बचत सून योगिता हिला द्यावी. मुलगा कुंदन याला घर दिले, तर ते त्याच्या काकाच्या घशात जाईल. पुढच्या खोलीत बन्सीलाल यांचे चूर्णाचे दुकान आहे. माझे दिवस झाले की ते रिकामे करून घ्यावे. गयावया केली तरी ऐकू नये.

२. आमचे हे डाईंग मिलमध्ये होते. पोट सुटलेले, त्यात साखर निघाली. बन्सीलाल यांनी गुडमारचा पाला चघळायला दिला आणि वर चमचाभर साखर. ती वाळूसारखी लागली. त्या पाल्याने जिभेची गोडी घटकाभर जाते, एवढेच. पण आम्हा भोळ्यांना वाटले, जिभेवर मेली ती रक्तातही मेली. बन्सीलाल म्हणाले, "भाऊ, तुनी साखर मरी गयी. आते गोया बंद कर." यांनी गोळ्या बंद केल्या.

मग हे वाळत गेले. वाढलेली साखरच अंग खात होती, आणि दीर गल्लीभर सांगत होते की चूर्णाने पोट उतरले. फोटो काढून पुडीवर छापला. पुढे यांचा पाय कापला, मग माणूसच गेला. मेल्या माणसाच्या तोंडावर धंदा करताना लाज कशी वाटली नाही? तो फोटो पुडीवरून काढून टाकावा. न काढल्यास योगिताने वकिलाकडून नोटीस द्यावी.

३. मेथी, कारले, जांभळाच्या बिया यांच्याशी माझे भांडण नाही. मी रोज मेथी खाते, पण डॉक्टरांची गोळी घेऊन खाते. माझा माहेरचा खलबत्ता दिरांनी 'दोन दिवस' म्हणून नेला, तो परत आणावा. योगिताने त्यात शेंगदाण्याची चटणी कुटावी.

४. आता कुंदनलाही साखर आहे, आणि काकाच्या शब्दावर त्यानेही गोळ्या सोडल्या आहेत. यांचा पाय कापला त्या आठवड्यात मी बर्फ आणायला बन्सीलाल यांच्या घरी गेले, तेव्हा फ्रीजमध्ये काय दिसले ते मी कुंदनला सांगितले. "काकाची बदनामी करतेस," म्हणाला. माझे मेलीचे कोण ऐकतो!

म्हणून हे मृत्युपत्र माझ्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, पंगत बसण्याआधी, सगळ्या भाऊबंदांसमोर वाचावे. आमच्यात असे कागद घरातला वडीलधारा पुरुष वाचतो. तो मान बन्सीलाल यांचा आहे आणि मी तो हिरावून घेत नाही. भाऊजी, इथवर आलात, आता थांबू नका. थांबलात तर दुसरी प्रत वकिलांकडे आहे आणि ते समोरच बसलेले असतील. पुढचे तुमच्या तोंडी लिहिले आहे:

"कुंदन, मी तुझा काका बन्सीलाल. तुझ्या बापाला चूर्ण देत होतो, तेव्हा मी स्वतः इन्सुलिन टोचत होतो. आजही सकाळी टोचून आलो आहे. पोरा, तुझ्या गोळ्या सुरू कर."

सही: पुष्पाबाई राघो बोरसे

आमच्या देखत सही झाली. साक्षीदार:
हेमराज सखाराम मराठे, उधना
छाया योगराज पवार, पांडेसरा

सुरत, १२ जानेवारी २०२५