साहेबाची साक्ष

बीबी, ता. लोणार

श्रीयुत भगवानराव यांस किसनरावचा रामराम. इकडे सारे खुशाल, तुमच्या ताईचे गुडघे सोडून. पुण्याच्या हवेत तुमचा दमा कसा आहे ते कळवा. फोनवर तुमची ताई मधात बोलते अन् माझी बाजू अर्धीच राहते, म्हणून कागद घेतला.

तुमच्या भाच्याची, ऋत्विकची, सोयरीक पक्की झाली, अन् ती कोणी जमवली हे तुम्हाले कळलंच पाहिजे. पोरगी अनुपमा, मेहकरच्या एका दवाखान्यात नर्स. तिची अट एकच, नवरा इकडंच राहावा, तिले नोकरी सोडायची नाही. आपलं पोरगं पुण्याच्या कंपनीत, पण दोन वर्षांपासून माडीवर बसून काम करते, म्हणजे तिले पाहिजे तसंच. अडचण तिच्या बापाची, भाऊरावची. ते मंगळवारी सकाळी अकराले न सांगता आले (पोरगं पाहायचं तर असंच पाहावं, हे मीही मानतो). पाहतात तर पोरगं वरून इस्त्रीचा शर्ट, खालून हाफ पॅंट. विचारलं, आज सुट्टी काय? म्हटलं, नाही, ड्युटीवर आहे. त्यायनं माझ्याकडे असं पाह्यलं, जसं काही मी वावरही खोटंच सांगतलं. समोरच्या चहाले हात लावला नाही.

मले राग आला. भाऊरावले हाताले धरून माडीवर नेलं. तिथं मिटिंग चालू, पडद्यावर चाळीसेक डोकी. ऋत्विक हातवारे करून राह्यला होता, मले वाटलं बसा म्हणते. मी दोन खुर्च्या ओढल्या, पाव्हण्याले पोराच्या बाजूले बसवलं अन् साहेबाले सरळ विचारलं, साहेब, हे आमचे होणारे व्याही, यायले सांगा, आमचं पोरगं नोकरीवर आहे का नाही? (तितक्यात तुमच्या ताईनं पडद्यासमोर पोह्याची प्लेट धरली, साहेबाले घ्या म्हणे.) मग साहेब बोलले, ऋत्विक आमचा भरवशाचा माणूस आहे, कुठूनही काम करो, त्याच्याशिवाय आमचं चालत नाही. भाऊरावनं पडद्याले हात जोडले. खाली येऊन त्यायनं थंड झालेला चहा बशीत ओतून पेला अन् दुसरा मागितला. तवाच समजलो, जमलं. मी सरपंचकीले दोनदा पडलो, पण त्या दिवशी जिन्यावरून जसा उतरलो तसा निवडून आलेलाही उतरत नसंल. साखरपुडा पुढच्या महिन्यात, तुम्ही सहकुटुंब याच.

तुमचा,
किसनराव

ता. क. – त्याच संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. मिटिंगमधी घरची माणसं येऊन बसतात, तवा एक तारखेपासून सर्वांनी ऑफिसात हजर व्हावं. चाळीसच्या चाळीस जणांनी. ऋत्विक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. भाऊरावले अजून सांगतलं नाही. अनुपमाले सांगतलं, तर ती हसली अन् म्हणाली, साहेबांचा नंबर द्या, आता मी बोलते. सून जबरदस्त भेटली.

ता. क. दुसरा – तोवर पोरासाठी तुमच्या जवळपास एक खोली पाहा. दोन वर्षं ते रोज दुपारी माझ्या बाजूले बसून जेवलं, आता मले एकट्याले घास गोड लागणार नाही. म्हणून खोली जरा अडचणीचीच पाहा. चांगली भेटली तर तिथंच रमंल.