पडद्यामागचा संघपाल

चि. ऋषिकेश,
संचालकसाहेबांना थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

कलादालनातल्या त्या चित्रावर पडदा कायम राहावा, म्हणून तू माझ्याकडे संस्कृतातला आधार मागितलास. आधार आहे. जुन्या नाटकांत मरण रंगमंचावर दाखवत नसत. पण त्याच नाट्यशास्त्रानं बीभत्सालाही रसांच्या पंगतीत पाट मांडलाय, हे तू सोयीनं विसरलास. शाळेतही तू अर्धाच धडा करून जायचास.

काल दालनात गेले, तर पडद्यासमोर सक्करदऱ्याच्या सिंधूताई बसल्या होत्या. चित्रात गटारातून वर काढलेला जो तरुण आहे, तो त्यांचा मुलगा संघपाल. शवविच्छेदनानंतर तो घरी आला तो गुंडाळलेलाच. अखेरचं तोंड पाहायलाही कुणी कापड सोडू दिलं नाही.

"चित्र काढणारी पोरगी त्याचा फोटो घेऊन गेली होती," त्या म्हणाल्या. "हुबेहूब काढला म्हनते. अन् इथंही झाकूनच ठेवला. काहून वं बाई?"

"लोकांना त्रास होतो."

"मंग होऊ दे ना थोडासा. मले तर रोजच होऊन राहिला."

ऋषिकेश, दाराशी इशाऱ्याची पाटी लाव. मजकूर मी लिहून देते. पाटी वाचून ज्याला परतायचं तो परतेल. पडदा मात्र सगळ्यांनाच परतवतो.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंस, तर तू फोनवर "ताई" म्हणशील आणि मी विरघळेन. उद्या कलादालनाच्या समितीत पडद्याचा निर्णय होईल, तेव्हा मी तुझ्याविरुद्ध मत देईन. त्याआधी सिंधूताईंना घेऊन दालनात येईन. पडद्याच्या दोरीला त्यांचा हात पुरत नाही. माझा पुरतो.

तुझीच, पण उद्या तुझ्या बाजूची नसलेली,
नंदिनीताई