गावच्या भोंग्याचं नाक

३ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी फोटोत दाखवली. उजव्या गालामागच्या पोकळीत गाठ — पाण्याने भरलेली, निरुपद्रवी. थोडी नाकात उतरलीय. म्हणून डोकं ठणकतं, म्हणून मी गेंगाणं बोलते. "दुर्बिणीने काढू. आवाज मोकळा होईल," म्हणाल्या. बक्षीस दिल्यासारख्या.

४ फेब्रुवारी
अकरा वर्षं कचेरीच्या छपरावरच्या भोंग्यातून मीच सांगतेय — कुणाकडे डुक्कर कापलं, कुणाचं गाढव सुटलं, श्रमदानाला कोणी यायचं. शेजारीण ओब्दुलिया म्हणते, "पिंपात अडकलेलं बदक आहेस. पण लोक उठून येतात."

१२ फेब्रुवारी
वाहाका शहरात जाऊन गाठ काढली. नाकात कापूस. दोन आठवडे शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. नवऱ्याला सहा आठवडे सांगितले. झाडू त्याच्याकडे.

१ मार्च
पुन्हा भोंग्यावर. "ओब्दुलियाकडे चिचारोन गरम आहे." काय स्वच्छ आवाज! मीच ऐकत राहिले.
कुणी गेलं नाही. दुपारी ओब्दुलिया दारात. "कोण ती शहरातली बाई? लोकांना वाटलं, रेकॉर्ड वाजवत जुन्या गाद्या घेणारा ट्रक आलाय." गार चिचारोनची, डुकराच्या तळलेल्या कातडीची, टोपली माझ्या टेबलावर आपटून गेली.
खाल्लं. वास येतो आता. तेवढं बरं झालं.

५ मार्च
पाण्याचा पाट साफ करायला चाळीस जणांना बोलावलं. तिघे आले. त्यातला एक ठार बहिरा.
सचिव वुल्फ्रानो माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, आवाज छान झालाय. पण छान आवाजाला कोण भितं?"

६ मार्च
नाक चिमटीत धरून पाहिलं. नाटकी वाटतं. नवरा झाडता झाडता म्हणाला, "कुणाची नक्कल करतेस गं?"
माझीच, मेल्या.

८ मार्च
गावसभेने सान हुआनच्या जत्रेपर्यंत, म्हणजे चोवीस जूनपर्यंत, मुदत दिली. तोवर लोक माझं ऐकायला लागले नाहीत, तर भोंगा ओब्दुलियाच्या भाचीकडे. तिला बारा महिने सर्दी असते. सभेत दोनदा शिंकली. लोक कौतुकाने बघत होते.
घरी येऊन रडले. भोंग्याशिवाय मी या गावात कोण?

३० एप्रिल
गाढव सुटल्याचं सांगितलं. मालकसुद्धा आला नाही.

२० मे
तपासणी. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण बाहेर काढली, पुसून ठेवली. मग म्हणाल्या, "सांगायला वाईट वाटतं. गाठ पुन्हा धरतेय. अजून वाटाण्याएवढीच आहे."
मी त्यांच्या दोन्ही हातांचे मुके घेतले. विचारलं, "चोवीस जूनपर्यंत केवढी होईल?"